म्हशीच्या चित्राचं मनोगत

हसू नका, पण त्या दिवशी मी वाचलो तो देशपांडेबाईंमुळे. आम्हा म्हाताऱ्यांच्या चित्रकलेच्या क्लासचं प्रदर्शन होतं. सर म्हणाले, "प्रत्येकाने उभं राहून आपल्या चित्राचं मनोगत वाचायचं." मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. नातवाने मोबाईलमधून मनोगत काढून दिलं. त्यात 'अस्तित्वाची अंतर्मुखता' की काय ते होतं. जीभच वळेना. चारचौघांत फजिती होणार हे दिसतच होतं.

माझ्याआधी देशपांडेबाई उठल्या. हेडमास्तरीण म्हणून रिटायर झालेल्या. त्यांचा गुलाब, माझी म्हैस, पण मनोगत शब्द न् शब्द तेच!

मी मोठ्यानेच विचारलं, "बाई, तुम्हालाही नातवानंच दिलं का?"

"अहो, सुनेनं दिलंय. गप्प बसा!"

सगळा हॉल हसला आणि माझा जीव भांड्यात पडला. कागद खिशात कोंबला.

सर म्हणाले, "काका, आपण आपल्या शब्दांत सांगा."

"आमची म्हैस हाय. आमच्या खराडी गावात आता सगळे टॉवर, बांधायला जागा नाही, म्हणून कागदावर बांधली."

"बस, एवढंच?"

"म्हैस एकच होती," म्हणालो आणि खाली बसलो.