गाडी गार होऊ द्यायची होती

—नाही, ते घरी नाहीत. तीनदा सांगतलं, चौथ्यांदा तेच सांगते. मलकापूरले गेले सकाळच्या एस.टी.नं. अन् तुम्ही उंबऱ्यापाशी उभे राहून इंद्रभान इंद्रभान करून राह्यले, साऱ्या आळीले ऐकू जाते — नवऱ्याचं नाव मले घेता येत नाही म्हणून माह्या वाटचं तुम्ही घेऊन राह्यले का? बसा म्हणणार नाही मी. बसायचं होतं तेव्हा बसले नाहीत. त्या दिवशी पाट टाकला होता, चहा ठेवला होता, तं तुम्हाले साडेदहाचा मुहूर्त गाठायचा होता. आठ दिवस झाले — बुधवारी नेली, आज बुधवार — अन् आता म्हणता गाडी परत घ्या. निवृत्तीभाऊ, ती गाडी ह्या दारात परत येणार नाही. शिव्या द्या, पंच बसवा, साखरखेर्ड्याहून चार माणसं घेऊन या, येणार नाही म्हणजे नाही. माह्या घरात पाच वर्षांची पोरगी आहे. एवढंच कारण. कोकिळा, अंगणातच खेळ गं, मले दिसशीन अशी — अन् तुम्ही पाहून पाय टाका जी, लागला ना दगड? राहू द्या तिथंच. दाराले लावायचा आहे तो. वाऱ्यानं दार आपटते.

काय पाह्यलं तुम्ही गाडी घेताना, सांगा बरं. मी होती ना इथंच, पोरीले कडेवर घेऊन. टायरले लाथ मारली. बैल घ्यायचा असता तं दात तरी मोजले असते. दार उघडून लावून पाह्यलं, म्हणले आवाज भारी येते. हॉर्न वाजवला, दोनदा. आरशात मिशा पाह्यल्या — हसू नका, पाह्यल्या तुम्ही — अन् मंग इचारलं, पळते किती? झालं. तेवढं एक इचारलं की आमच्या घरच्यांची छाती फुगते. राजूरच्या घाटात एस.टी.ले मागं टाकते, चिखलीची वांगी दव वाळायच्या आत बुलढाण्याच्या बाजारात उतरते, हे सगळं त्यांनी तुम्हाले सांगतलं अन् ते खरंच आहे. पळतेच ती. पळणार नाही तं काय? ज्यांच्याकडून आम्ही घेतली त्या उत्तमरावांची मूळची पेट्रोलची मोटार, दुष्काळानंतर पेट्रोल महागलं तेव्हा तिच्यात ट्रकचं डिझेल इंजन बसवलं. इंजन ट्रकचं अन् ब्रेक मोटारीचेच, जुने. हे डोळ्यानं दिसते. तुम्ही खाली वाकून पाह्यलं का? धोतराले माती लागली असती. गाडीखाली ताजा सडा कोणी टाकला, शेणाचा, नेमका तिच्याच खाली, सणवार नसताना — हे नाही दिसलं? सड्याखाली तेलाचा डाग होता हातभर. मीच टाकला सडा. मले सांगतलं होतं, मी टाकला.

रागानं पाहू नका माह्याकडं. मी तुम्हाले सांगतलं होतं. तोंडानं नाही — तोंडानं कशी सांगू, घरचा माणूस समोर उभा, सौदा चाललेला — पण बाईच्या जातीले जेवढं सांगता येते तेवढं सांगतलं. चहा ठेवते म्हणलं ना? दूध नव्हतं का घरात? होतं, चुलीवरच होतं. तरी मी शेजारच्या अन्नपूर्णाबाईकडं दूध मागायले गेली. तिथं तिच्या सुनेच्या बाळंतपणाचं सगळं इचारत बसली. आली, चूल विझवली, ओली काटकी घालून पुन्हा पेटवली, धूर धूर झाला घरात. ते आत येऊन येऊन पाहत, चहा झाला का, चहा झाला का, अन् डोळे मोठे करत, कारण त्यांना समजलं होतं मी काय करून राह्यली. तुम्हालेच तेवढं समजलं नाही. अहो, ती गाडी गार व्हायले घंटाभर लागते. तुम्ही यायच्या थोडं आधीच त्यांनी सुरू केली, आमडापूरपर्यंत जाऊन आले, तेव्हा ती तुमच्यासमोर एका हिसक्यात सुरू झाली. इंजनावरच्या टोपणावर नुसता हात ठेवला असता तं चटका बसला असता. उभ्या गाडीचं टोपण काऊन तापलं, एवढं इचारायचं होतं. मंग पाटावर बसायचं, चहा प्यायचा, पानसुपारी खायची, गाडी गार होऊ द्यायची, अन् मंग म्हणायचं, आता करा सुरू. डिझेलची गाडी पाहायची तं गारच पाहायची. तुम्ही काय म्हणले? चहा राहू द्या वहिनी, मुहूर्त जाते. पिशवीत नारळ, हार, कुंकवाची पुडी, लिंबू. टोपण उघडायच्या आधीच ज्याच्या पिशवीत नारळ आहे, त्याले कोण काय सांगणार? ते नारळ पाहूनच आमच्या घरचे हसले. तुमच्याकडं पाठ करून हसले.

मले कसं समजते म्हणता? बाईले समजू नये असं कुठं लिहिलं आहे का? माहे बाबा, तुळशीराम, खामगावले कापसाच्या जिनिंगच्या इंजनावर होते. सातवी झाली अन् शाळा सुटली, तेव्हापासून लग्न होईपर्यंत मीच रोज त्यांचा डबा घेऊन जायची. सकाळी पहिल्यांदा इंजन सुरू करताना बाबा त्याच्या लोखंडाले हात लावायचे, तापल्या लेकराच्या कपाळाले लावतात तसा, अन् पहिला धूर पाहायचे. काळा निघून विरला तं ठीक. पांढरा निघत राह्यला, डोळे चुरचुरले, तं बाबा त्या दिवशी घरी उशिरा यायचे. तुमच्या गाडीचा सकाळचा धूर पांढराच ना? आठही दिवस? अन् ढकलायले माणसं बोलवावी लागतात. हाव. मले मालूम आहे. नाही — म्हणजे, असं असते म्हणून म्हणते.

बरं, मालूम होतं. धरा मले, द्या फाशी. मालूम होतं म्हणून तं ती उतारावर ठेवायची, नाल्याकडं तोंड करून. गार असली की ती आपल्या बळानं उठत नाही, तिले घरंगळत सोडायची, मंग गिअर टाकायचा, मंग उठते. हातब्रेक तिचा नावालेच, गाडीचा भार पडला की दात सोडते. म्हणून पुढच्या चाकाले दगड. हा दगड. हो, दाराले नाही लावत मी, खोटं बोलली. तुमच्यासंग तो द्यायले पाहिजे होता, पण ते म्हणले, दगड दिला तं समजेल. पहा, एका बाजूनं कसा गुळगुळीत झाला आहे. हातानं झाला आहे. माह्या नाही, त्यांच्याही नाही.

तिच्या. कोकिळाच्या. तीन वर्षांची होती तेव्हापासून. माहा जीव जायचा, मी चुलीपुढून उठून धावायची, अन् ते म्हणत, तिले खेळ आहे तो. रोजचा खेळ — ते गाडीत बसत, ही चाकापुढं उकिडवी, दोन्ही हात दगडावर. ते 'काढ' म्हणत की हिनं दगड ओढून बाजूले उडी मारायची अन् चाक तिच्या पायाजवळून जायचं. पुढं पुढं तं काढ म्हणायचीही गरज उरली नाही. बापाचा नुसता आवाज आला की ही दगड ओढते. आळीतली माणसं कौतुक करत, इंद्र— आमच्या घरच्यांच्या पोरीले ड्रायव्हरी येते म्हणत. अन् मी रोज दारात उभी राहून तिचे पाय मोजायची. आखाडात एक दिवस ओल्यात दगड सरकला. बोटाचं नख गेलं, ते बोट अजून वाकडं आहे, पाटीवर पेन्सिल धरता येत नाही नीट. बोट गेलं असतं, हात गेला असता. त्या दिवशी मी म्हणलं, एक तं ती गाडी जाईल नाही तं पोरगी घेऊन मी खामगावले जाईन. पंधरा दिवस बोलली नाही. पंधरा दिवसांनी तुम्ही आले, नारळ घेऊन.

आता समजलं? तुम्हाले फसवायची हौस नव्हती मले. खोटं बोलायचं नव्हतं अन् खरं बोलायची सोय नव्हती, म्हणून चहा ठेवला. मनात म्हणलं, थांबला तं त्याचं नशीब, गेला तं माह्या पोरीचं. तुम्ही गेले. तुम्ही गेले अन् मी त्या चहाचं भांडं मोरीत ओतलं, अन् आठ रात्री झोपली. दोन वर्षांत पहिल्यांदा झोपली. अन् तुम्ही म्हणता परत घ्या.

काय? कोण बसलं होतं गाडीत? तुमची घरची — लेकराले घेऊन? किती दिवसांचं?

मले काऊन सांगता हे. साडेतीन महिन्यांचं लेकरू घेऊन घाटात कशाले न्यायची गाडी, नवी नवी? नवसाले. असेल नवसाले. ब्रेक लागला नाही अन् दगडाच्या राशीत घुसवली, म्हणून थांबली. लागलं का कोणाले? लेकराले? नाही ना. मंग. मंग देवाले हात जोडा अन् ती भंगारात घाला, त्या भंगारवाल्या कचरूच्या दुकानात घाला, विहिरीत ढकला. माह्या दारात कशाले आणली? तुमचं ते लेकरू अन् माही ही कोण? हिचं नख गेलं तेव्हा कोण आलं होतं इचारायले? मी रडून नाही राह्यली, धूर आहे घरात. तुमच्या घरचीले सांगा — काही सांगू नका तिले. लेकराची दृष्ट काढा म्हणावं.

त्या चपला? त्या जुन्या आहेत. जुन्या वहाणा ठेवत नाही का माणूस घरात? ते मलकापूरले — तुम्ही आल्या आल्या मी बुलढाण्याले म्हणली? बुलढाण्यावरूनच मलकापूरले जाते एस.टी. तुम्हाले उंद्रीत येऊन रस्ते शिकवायचे का मले? आतल्या खोलीत कोणी नाही. कणगी आहे, जुने पोते आहेत. मघाशी ते खाकरले — मांजर असेल. मले बोलायले लावू नका जास्त. गाडी सुरू आहे ना तुमची? ऐकू येते ना ढगढग बोळाच्या त्या टोकाहून, माह्या छातीत वाजते ती. बंद केली तं परत सुरू होत नाही म्हणून चालू ठेवून आले, बरं केलं, तशीच न्या. देवळाच्या पाराजवळ लावली ना, सपाटीवर? वळवायले जागा आहे तिथं. वळवा अन् जा. ते आले की मी सांगते. पैशाचं तुम्ही दोघं पाहा, मी अडवणार नाही, पाहिजे तं माह्या हातच्या पाटल्या घ्या, मी त्यांना द्यायले लावते, पण गाडी तुम्ही न्या. कुठंही न्या.

पारावर नाही? मंग कुठं?

उतारावर. नाल्याकडं तोंड करून. चालू ठेवून. अहो चालू ठेवली म्हणजे ती गिअरमधी नाही, नुसत्या हातब्रेकवर आहे ती — तुम्हाले किती वेळ झाला येऊन? मी किती वेळ बोलून राह्यली?

थांबा. ढगढग थांबली.

बंद पडली. बंद पडली अन् घरंगळल्याचा आवाज नाही. मंग काऊन उभी आहे ती? कशाले अडली? तुमच्या पायाले दगड लागला होता ना, इथं, उंबऱ्यापाशी, गुळगुळीत — तुम्ही उचलला का? नाही उचलला? आत्ता इथं होता. कोकिळा? कोकिळा अंगणात होती. तिनं ती ढगढग ऐकली असेल. तिले वाटलं बाबाची गाडी आली —

सरका. सरका म्हणते ना.

दिसली. निवृत्तीभाऊ, हाक मारू नका तिले. तोंडावर हात ठेवा. तिथंच आहे, पुढच्या चाकापाशी उकिडवी, दोन्ही हात दगडावर, वर पाहून राह्यली, गाडीत कोण आहे म्हणून. पळू नका, दचकते ती. हळू चाला, मी डाव्या अंगानं जाते, तुम्ही तिकडच्या दारानं आत बसा. दार लावू नका, नुसतं ओढा. अन् ऐका, ब्रेक एकदा दाबून लागत नाही. पहिल्यांदा पाय खाली टेकते. दुसऱ्यांदा अर्धा जाते. तिसऱ्यांदा धरते. तीनदा दाबा अन् मंग पाय तसाच ठेवा, मी तिले उचलेपर्यंत काही झालं तरी सोडू नका. हे सांगायचं राह्यलं होतं त्या दिवशी. जा. हळू.

मागं कोण — कवाड वाजलं आपलं. आले बाहेर.

इंद्रभान, तोंड उघडू नका. तुमचा आवाज ऐकला तं ती दगड काढते.