गावतळ्याच्या गोगलगाई

(नागपूर, १९७७. एका मोठ्या दवाखान्याच्या वॉर्डाबाहेरचा व्हरांडा. दुपार होत आली आहे. गिरिधर, त्याची आई तुळसाबाई आणि डॉक्टर विश्वनाथ घाटे.)

तुळसाबाई : नाई डाक्तरसाहेब, आज मी त्याले घेऊनच जाते. त्याचे कपडे बांधून ठेवले. कुहीची बस निघायच्या आत आम्ही मोकळे व्हाले पायजे.

डॉक्टर : आधी बसा तरी. उन्हातून आलात.

तुळसाबाई : बसायले नाई आली मी.

गिरिधर : बस ना वं माय. डॉक्टर मघापासून तुयासाठी खुर्ची धरून उभे हायेत.

तुळसाबाई : तुले खुर्चीची पडली! तोंड पाह्य आपलं आरशात. वाळल्या पानासारखा दिसून राहिला. दोन साल मिसर देशातल्या लोकायचे रोग तपासले, अन् येताना त्यातलाच एक घरी घेऊन आला. लोकं परदेशातून रेडिओ आणते.

गिरिधर : रेडिओ आणला ना मी.

तुळसाबाई : तो वाजून राहिला. तूच वाजून नाई राहिला.

डॉक्टर : तुळसाबाई, रागावू नका. रोग बरा होणारा आहे. तिथल्या कालव्यांच्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारा किडा असतो. माणूस पाण्यात उतरला की कातडीतून आत शिरतो. मग लघवीतून रक्त जातं. गिरिधर तिथे ज्या प्रयोगशाळेत होता, तिथे याच रोगाचे रुग्ण तपासायचं काम चालत होतं. त्याच्या गोळ्या मी मुंबईहून मागवल्या होत्या. त्या आल्यासुद्धा. कपाटात आहेत.

तुळसाबाई : मंग द्या ना! कपाटाले काय रोग झाला?

डॉक्टर : हा घेत नाही.

तुळसाबाई : काय?

डॉक्टर : आणि मीही जोर केला नाही. तेही सांगून टाकतो.

तुळसाबाई : काहून रे? कडू लागते? लहानपणी कुनैन प्यायचा तू नाक दाबून.

गिरिधर : माय, तू आधी सांग, तळ्यावरच्या काट्या निघाल्या काय?

तुळसाबाई : ते इथं कायले काढतं?

गिरिधर : सांग ना.

तुळसाबाई : नाई निघाल्या. आपल्या पायरीवर दोन बाभळी आडव्या टाकल्या पाटलानं, मनोहररावानं. म्हणते, तुळसाबाईच्या पोरानं बाहेरदेशातून रक्ताचा रोग आणला अन् तळ्यात आंघोळ केली, आता तुमच्या मोहल्ल्यानं तळ्याले हात लावायचा नाई.

डॉक्टर : सगळ्या मोहल्ल्यानं?

तुळसाबाई : सगळ्या. आम्ही आता नाल्यात झिरा खोदून पाणी काढून राहिलो. एक घागर भरायची तर जीव जाते. शेजारची कौसल्या बाळंतीण हाय, तिची लुगडी धुवाले पाणी नाई. बाया मले काई म्हणत नाई. पण मी झिऱ्यावर गेली की गप होते. बोलल्या असत्या तर बरं होतं.

डॉक्टर : पण पाणी तर एकच आहे ना? तळं काही दोन नाहीत. त्यांच्या बाजूचे लोक उतरतात?

तुळसाबाई : उतरते ना! म्हशी उतरते, लोक उतरते. हेच तर म्या मनोहररावाले विचारलं. म्हटलं, रोग काय पायरी पाहून येते? तर म्हणे, जास्ती बोलू नको बाई.

डॉक्टर : चूक माझी आहे, तुळसाबाई. मी आमच्या शिपायाला, कवडूला, गोगलगाई आणायला पाठवलं तुमच्या गावी.

तुळसाबाई : तो कवडू! बरणी घेऊन चिखलात वाकून राहिला दिवसभर. पोरं मागं लागली, काय शोधून राहिला गा? तर यानं चहाच्या टपरीवर बसून सारं सांगतलं. कोणाचा पोरगा, कोणतं घर, लघवीत काय हाय, सारं. वरून चहाबी फुकट प्याला.

डॉक्टर : त्याला कसं बोलावं ते मी सांगायला हवं होतं. इथे आम्ही रुग्णाचं नाव घेताना विचारच करत नाही. खाटेवरची पाटी वाचतो आणि हाक मारतो.

तुळसाबाई : पण गोगलगाई कायले पायजे होत्या तुमाले? त्याले रोग हाय तर त्याले तपासा. गोगलगाईनं काय केलं?

गिरिधर : मी सांगतो, माय. हा किडा माणसाकडून माणसाकडे जात नाही. अंडी लघवीतून पाण्यात जाते. तिथं त्याले एक विशिष्ट जातीची गोगलगाय पायजे. ते भेटली तर तो तिच्या पोटात वाढते अन् मंग पाण्यात येते. नाई भेटली तर मरून जाते.

तुळसाबाई : अन् आपल्या तळ्यात तशी गोगलगाय हाय?

गिरिधर : तेच कोणाले माहीत नाई.

डॉक्टर : बहुतेक नाही. पण बहुतेक म्हणून चालत नाही. म्हणून तळ्यातल्या गोगलगाई बरणीत ठेवायच्या, त्यांत याच्या लघवीतली अंडी सोडायची आणि महिना दीड महिना वाट बघायची. गोगलगाईंतून एकही किडा बाहेर पडला नाही तर मी छातीठोकपणे लिहून देऊ शकतो, तळ्याला धोका नाही.

तुळसाबाई : मंग झाला ना महिना! दिवाळीच्या आधी आला होता तुमचा कवडू.

डॉक्टर : त्या गोगलगाई मेल्या.

तुळसाबाई : कशानं?

डॉक्टर : कवडूनं बरणीत नळाचं पाणी घातलं. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं.

तुळसाबाई : धन्य हाय बाप्पा तुमचा कवडू!

गिरिधर : दुसऱ्या आणल्या, माय. या बार कवडूच्या मनानं नाई, मी सांगतलं तसं झालं. विहिरीचं पाणी घातलं. जिवंत हायेत. काल पाहून आलो.

तुळसाबाई : म्हणजे अजून महिना.

गिरिधर : महिनाच. पण त्यासाठी माया अंगातली अंडी पायजे. ताजी, परत परत. गोळ्या घेतल्या तर अंडी बंद होते.

तुळसाबाई : थांब. थांब जरा. म्हणजे तुले बरं केलं तर तळं अडकून राहते. अन् तळं सोडवाचं तर तुले असाच रक्त घालवत ठेवाचा?

गिरिधर : हो.

तुळसाबाई : डाक्तरसाहेब, हे खरं हाय?

डॉक्टर : खरं आहे. दुसरीकडून अंडी आणायची सोय नाही. इथे असा रुग्णच नाही.

तुळसाबाई : अन् महिनाभर ठेवला तर त्याले काय होईल?

डॉक्टर : रक्त आणखी कमी होईल. मूत्राशयाला इजा होऊ शकते. कायमची होईलच असं नाही. होणार नाही असंही नाही.

तुळसाबाई : तुमाले काय भेटंल यातून?

डॉक्टर : मला?

तुळसाबाई : हो, तुमाले.

डॉक्टर : इजिप्तमधल्या रुग्णांबद्दल पुष्कळ लिहिलेलं आहे. आपल्याकडे असा रुग्ण आला तर काय करायचं, आपल्या तळ्यांना धोका आहे की नाही, यावर फारसं कोणी लिहिलेलं नाही. मी लिहीन. माझं नाव होईल. म्हणून तर मला माझाच भरवसा वाटत नाही. रोज सकाळी गोळ्या घेऊन याच्या खाटेपर्यंत येतो, आणि हा नको म्हणाला की मनातून बरं वाटतं. ते बरं वाटणं मला आवडत नाही.

तुळसाबाई : खरं बोलले तुम्ही. मंग एक काम करा. कागद ऱ्हाऊ द्या. तुम्ही मोठे डाक्तर. माया संग गावाले चला. मनोहररावासमोर आमच्या पायरीवरच्या काट्या बाजूले करा अन् तुम्हीच उतरा पाण्यात. गुडघ्यापर्यंत. बास. मंग कोणाची बोलाची छाती नाई.

डॉक्टर : तुळसाबाई...

तुळसाबाई : चला ना. लुगड्यानं पाय पुसून देते मी तुमचे.

डॉक्टर : मला अजून खात्री नाही.

तुळसाबाई : म्हणजे तुमालेबी भेव हाय.

डॉक्टर : हो. आहे.

तुळसाबाई : मंग मनोहररावाले मी कोणत्या तोंडानं बोलू?

गिरिधर : म्हणूनच म्हणतो, माय, बरण्या पुऱ्या होऊ दे.

तुळसाबाई : तू नको बोलू! तुया एकट्याच्या नादानं हे सारं झालं. तुले तर माहीत होतं ना? तूच तपासत होता ते लोकायच्या लघवीच्या बाटल्या. तुयाच डोळ्यानं पाहत होता अंडी. मंग त्या कालव्यात काहून उतरला? सांग ना. आल्यापासून विचारून राहिली, तू बोलतच नाई.

गिरिधर : काय सांगू?

तुळसाबाई : पाय घसरला?

गिरिधर : नाई.

तुळसाबाई : कोणी ढकललं?

गिरिधर : कोणी बोलावलं, माय.

तुळसाबाई : म्हणजे?

गिरिधर : तिथं आम्ही गावोगाव बाटल्या गोळा कराले जात होतो. आमचे डॉक्टर काठावर उभे राहून सांगत, पाण्यात उतरू नका. लोकं हसत. म्हणत, मंग आंघोळ कुठं करू, भांडे कुठं धुवू? एक म्हातारा होता. नेहमी पहिली बाटली तोच द्यायचा, दुसऱ्यायलेही द्याले लावाचा. एका दिवशी लई ऊन होतं. तो कालव्यात उतरला, छातीइतक्या पाण्यात उभा राहिला अन् माया कडे हात केला. ये म्हणे. सारे उतरले होते. त्याचे पोरं, शेजारी, सारे एकाच पायरीवरून.

तुळसाबाई : अन् तू गेला.

गिरिधर : मी लहान होतो तवाचं आठवते तुले? आपण तळ्याच्या काठावर घागर ठेवून बसत होतो. कोणीतरी वरून पाणी ओतंल म्हणून. तू मले मांडीवर घट्ट धरून बसाची, पाय पाण्याले लागू नये म्हणून.

तुळसाबाई : आठवते.

गिरिधर : मंग दीक्षा झाली, मी शिकलो, आपल्याले पायरी भेटली. पण ते आपण घेतली. भांडून. तिथं त्या माणसानं मले नाव विचारलं नाई, गाव विचारलं नाई, हात धरून पाण्यात बोलावलं. मले सारं माहीत होतं, माय. पाण्यात काय हाय तेबी माहीत होतं. पण मले नाई म्हणता नाई आलं.

डॉक्टर : हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

गिरिधर : तुम्ही विचारलं होतं, पाण्याशी संपर्क कसा आला. मी म्हटलं, आंघोळीमुळे. तुम्ही लिहून घेतलं.

तुळसाबाई : पाणी कसं होतं?

गिरिधर : थंड.

तुळसाबाई : डाक्तरसाहेब, तुमचा कागद आला तर मनोहरराव काट्या काढंल?

डॉक्टर : मी सांगू शकत नाही.

तुळसाबाई : मी सांगते. लवकर नाई काढणार. दुसरं काई शोधंल.

गिरिधर : पण कागद नसंल तर आपण काढाच्या कशा? आपल्याच लोकायले भेव वाटंल. कौसल्याच लेकराले घेऊन उतरणार नाई. आपण स्वतःच आपल्या हातानं काट्या ठेवू तिथं. मले तेच सहन नाई होत.

तुळसाबाई : अन् मले हे तुयं तोंड सहन नाई होत.

डॉक्टर : गिरिधर, मी एवढंच करू शकतो. रोज रक्त तपासीन. एका ठरावीक आकड्याच्या खाली गेलं तर बरणी असो नसो, त्याच दिवशी गोळ्या सुरू. तेव्हा तू नको म्हणालास तरी मी ऐकणार नाही.

गिरिधर : कबूल.

डॉक्टर : आणि बरणीतून काही बाहेर पडलं नाही, तर मी येईन. कागद पाठवणार नाही, स्वतः येईन. तुमच्याच पायरीवरून उतरेन.

तुळसाबाई : अन् बाहेर पडलं तर?

डॉक्टर : तर सगळंच तळं बंद करायला येईन. दोन्ही बाजूंनी.

तुळसाबाई : हे बोलले तुम्ही. मनोहररावाच्या म्हशी हाकलाले मी येईन तुमच्या संग.

गिरिधर : मंग बस कुठली धरतं, माय? कुहीची तर आता निघाली असंल.

तुळसाबाई : जाऊ दे. घरी काय ठेवलं? झिऱ्यावर बायायचं गप बसणं ऐकाले जाऊ? ते कपड्याचं बोचकं सोड. मी इथंच राहते.

डॉक्टर : वॉर्डात बायकांना राहू देत नाहीत, पण व्हरांड्यात सतरंजी मिळेल. मी सिस्टरला सांगतो.

तुळसाबाई : मी लाखोळीची भाजी अन् भाकर आणली. सारे मिळून खाऊ. तुम्हीबी बसा.

डॉक्टर : बसतो. पण आधी बाटली. दुपार झाली.

तुळसाबाई : दुपारचाच मुहूर्त असते काय याले?

गिरिधर : भर दुपारीच अंडी जास्ती पडते. अन् अंग हलवलं तर आणखी. तिथं आम्ही म्हाताऱ्या माणसायलेबी आधी पळवत होतो, मंग बाटली देत होतो. शिव्या द्यायचे आम्हाले. इथं मी जिन्यानं चढतो उतरतो. पण काल दम लागला, मधातच बसलो.

तुळसाबाई : मंग हात धर माया. हळू. चाल, इथल्या पायऱ्यायवर तरी कोणी काट्या नाई टाकल्या.