ब्रेक तेवढा कसून द्या

रिसालीतल्या गॅरेजात मी पंक्चर काढायले बसलो होतो. शाळेतल्या एक मॅडम स्कूटी ढकलत आल्या.

"फकिराभाऊ, ब्रेक तेवढा कसून द्या."

"अन् स्टार्ट होत नाही म्हणत होत्या ना?"

"ते शनिवारनंतर पाहू. सध्या चौथीले बल अन् गती शिकवून राहिली."

"त्यात स्कूटीचं काय?"

"पोरं मैदानात ढकलतात. एकट्या मोनूनं ढकलली तं मुश्किलीनं सरकते, सगळे लागले तं पळते. रेतीत अडते, सिमेंटवर सुटते. पुस्तक कोणी उघडूनच नाही राहिलं."

"मंग बंदच राहू द्या. ब्रेक कावून पाहिजे?"

"काल त्यांनी मले वर बसवून ढकललं. हेडमास्तर वेळेवर बाजूले झाले, भाऊ."