पंचवीसपैकी वीस

कानाच्या दवाखान्यात आकडे कानावर पडले, तशा गणिताच्या बाई स्वतःचा दुखरा कान विसरल्या. पुढच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. त्याच्या अंगावर बसचालकाचा गणवेश होता, हातात अकरा नंबरची चिठ्ठी.

"किती वेळा वाजलं म्हणालात?" बायकोने विचारलं.

"पंचवीस. ऐकू आलं की बटण दाबायचं. मी वीस वेळा दाबलं."

"पंचवीसचे शंभर करायचे म्हणजे चौपट. वीस चोक ऐंशी."

"गाडी चालवायला ऐंशी टक्केच लागतात. काठावर का होईना, सुटलो!"

"वीसच्या वीस ऐकू आले?"

"दाबलं ना वीस वेळा!"

"दाबल्याचं नाही विचारत मी."

"अगं, हळू बोल."

"हळू बोलले तर येतं का तुम्हाला ऐकू?"

"तीनदा काचेपलीकडे आवाज सोडणाऱ्या मॅडमचं बोट हललेलं दिसलं. म्हणून दाबलं."

"म्हणजे सतरा. सतरा चोक अडुसष्ट."

"कागदावर ऐंशी लिहिलेत!"

"आणि गाडीत पन्नास माणसं बसतात."

"तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. डोळे शाबूत आहेत माझे."

"मागून हॉर्न वाजला तर तो डोळ्यांना दिसणार आहे?"

"निवृत्तीला दोनच वर्षं राहिलीत गं. सही होऊन कागद हातात पडू दे, मग काय ते बोल."

दारातून शिपायाने "अकरा नंबर!" असा पुकारा केला. कोणी उठलं नाही. त्याने पुन्हा पुकारलं. बायको मांडीवरच्या पिशवीचा बंद घट्ट धरून बसून राहिली.

"आपला नंबर कसा येत नाही अजून?"

"आला. दोनदा."