डिंकानं मेलेला प्रोसेसर

पोंभुर्ण्याच्या थांब्यावर चंद्रपूरच्या गाडीसाठी रांग होती. मुखरूभाऊंच्या पुढं फक्त प्रफुल्ल अन् त्याची बायको स्वाती.

“सापडलं, स्वाती! प्रोसेसरच मेला हाय. शेजारच्या पुनमच्या कम्प्युटरातला लावला तं आपला कम्प्युटर लगेच सुरू झाला!”

“अन् आपला तिच्यात?”

“मुकाच राह्यला, सुरूच नाई झाला! आज वॉरंटीचा शेवटचा दिवस, बदलूनच आणू.”

“पण याले हे पिवळं काय चिकटलं?”

“पंख्याखालची, प्रोसेसर थंड ठेवाची पेस्ट संपली होती. म्या धावड्याचा डिंक लावला.”

“डिंक? दुकानदार हाकलून देईन ना!”

“बाई,” मुखरूभाऊ पुढं झुकले, “डिंकानं मेलेला डिंक पुसला का उठते. माहा रेडिओ तीन वर्षांनी उठून बोलला.”

“खरंच? अवो, चाला घरी, पुसून पाहू! नाई उठला तं दुपारची गाडी हाये.”

दोघं पळतच निघाले.

गाडी आली. दोनच जागा रिकाम्या होत्या. एकीवर मुखरूभाऊ बसले, दुसरीवर त्यांनी पिशवी ठेवली.