सातने पुढे

धाकटी : विसांपैकी शून्य? ताई, अगं एखादं तरी चुकून बरोबर येतं की माणसाचं.

मोठी : नाही आलं. तीनदा तपासला मी पेपर. आणि आवाज जरा खाली घे, पोरी कोपऱ्यावर वह्या आणायला गेल्यात, येतीलच.

धाकटी : वह्या कोणाला?

मोठी : आमच्या बिट्टीच्या संपल्यात. तुझी मुंगी म्हणाली, मलाही एक घेते, चौकटीची.

धाकटी : मुंगीला कशाला? माझ्या गाडीची अर्धी डिकी तिच्या वह्यांनी भरलीय. वजनांच्या पेट्या ठेवायला जागा नाही.

मोठी : मला काय माहीत. मागितले पैसे, दिले. हे बघ, मुंगीच्या वर्षाच्या अभ्यासावर मी शेरा लिहून ठेवलाय. ‘प्रगती समाधानकारक नाही.’ उद्या सकाळी शिक्षण कचेरीत द्यायचा शेवटचा दिवस. दोन वर्षं बहीण म्हणून डोळे झाकून सही केली. यंदा म्हटलं, पोर बारा दिवस आपल्याकडेच आहे तर रीतसर पेपर घ्यावा. तर हे निघालं.

धाकटी : या शेऱ्याचा अर्थ कळतो ना तुला? शाळेत न जाणाऱ्या पोरीला शिक्षिकेनं नापास केलं की कचेरी म्हणते, घाला शाळेत. आणि माझं काम काटे तपासायचं, फिरतीचं. आज गिरणीचा काटा, उद्या बाजारातले, परवा गोदामाचा. महिन्यातले वीस दिवस मी एका गावात नसते. मुंगी शाळेत म्हणजे मुंगी माझ्याजवळ नाही.

मोठी : माहीतेय.

धाकटी : माहीत असून लिहिलंस.

मोठी : मी शिक्षिका आहे. शून्याला शून्यच म्हणते.

धाकटी : मागच्या महिन्यात गोदामातल्या काट्याची चूक हिनं तोंडी सांगितली, मॅनेजर कॅल्क्युलेटर शोधत होता तोवर. अकरा वर्षांची पोर. ती अठरा चोक चुकेल? खरं सांग, पेपर कसला काढलास? सातवीचा?

मोठी : बिट्टीच्या वर्गाचा, पाचवीचा. तोच पेपर बिट्टीनं सोडवला. तिला अठरा.

धाकटी : मग घाबरवलं असशील. फोनवर ऐकतेय ना मी तुझा सूर. ‘हो का, मुंगीला एवढं येतं का, वा.’ त्या ‘वा’मध्ये पाणी किती घातलेलं असतं ते मला कळत नाही होय? पोटात दुखतंय तुझ्या, ताई.

मोठी : दुखतंय.

धाकटी : काय?

मोठी : दुखतंय म्हटलं. तू विचारलंस, मी सांगितलं. चहा घे, गार होतोय.

धाकटी : चहा राहू दे. बोल आता.

मोठी : काय बोलू? आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या लेकीनं हे भिंतीवरचं घड्याळ बघितलं. म्हणाली, मावशी, हे सात मिनिटं पुढे का लावलंय? म्हटलं, शाळेला उशीर होऊ नये म्हणून. तर म्हणते, पण ते पुढे आहे हे तुला माहीतच आहे, मग तू घाई का करतेस? वीस वर्षं मी त्या घड्याळापुढे धावतेय आणि हे विचारलं कोणी, तर अकरा वर्षांच्या पोरीनं. माझी बिट्टी बघ. दर वर्षी नव्वदच्या वर. पण ती प्रश्न एकच विचारते, हे परीक्षेला आहे का? हल्ली जेवताना मुंगी तोंड उघडते आणि बिट्टी हातातला घास विसरते. परवा मला म्हणाली, आई, मावशीच्या गाडीत तिसरी सीट आहे का गं? माझी पोटची पोर. त्यानंतर मला जेवण गेलं नाही.

धाकटी : लहान आहे ती.

मोठी : लहान आहे म्हणूनच खरं बोलली. आणि मग हा पेपर हातात आला. पहिलं गणित चूक. दुसरं चूक. सांगते तुला, दहाव्या गणिताला मला बरं वाटायला लागलं होतं. लाल पेन भरभर चालत होतं. म्हटलं, बघा, एवढं जग फिरून आली आणि भागाकार येत नाही. लाज वाटते सांगताना.

धाकटी : वाटू दे.

मोठी : आणि हे आजचं नाहीये. बाबा काटे तपासायला फेरीवर जायचे, तेव्हापासूनचं आहे. तू नापास व्हायचीस—

धाकटी : दोनदाच झालेय.

मोठी : दोनदा तर दोनदा. बाबा म्हणाले, हिचं पुस्तकात डोकं नाही, नेतो बरोबर, वजनं तरी पुसेल. आणि मी पहिली यायचे तर मला बक्षीस काय, पुढच्या वर्गाची पुस्तकं, ती पण सुट्टी लागायच्या आत. तुम्ही दोघं संध्याकाळी यायचात, हाताला तेलाचा वास. कुठल्या गिरणीत मांजरीनं पिल्लं घातली, कुठल्या दुकानदारानं पारड्याखाली चुंबक चिकटवलं होतं. मी खिडकीत बसून एका नदीच्या उपनद्या पाठ करत असायचे, आणि ती नदी तुम्ही त्याच दुपारी ओलांडून आलेले असायचात. ढ पोरीला सगळं जग आणि हुशार पोरीला त्याचं पुस्तक. हा कुठला न्याय होता?

धाकटी : मला वाटायचं, तू मला हसतेस. तुझी प्रगतिपुस्तकं आईनं ट्रंकेत कापडात बांधून ठेवली होती. माझं एकही नाही. येईल त्याला ती तुझी काढून दाखवायची, आणि मी आत जाऊन बाबांच्या पेटीवर बसायचे. फेरीवर मजा होती, नाही कशाला म्हणू. पण ट्रंकेत माझं काहीच नव्हतं गं.

मोठी : सातवीत मी ठरवलं होतं, सहामाहीला नापास व्हायचं. मुद्दाम. मग मलाही नेतील. पेपर समोर आला, पहिलं गणित, उत्तर येत होतं. चुकीचं लिहायचं म्हणून पेन टेकवलं आणि हात काही चालेना. नाहीच जमलं. त्या वेळेलाही पहिलीच आले.

धाकटी : हे कधी बोलली नाहीस.

मोठी : कोणाला बोलणार? हसली असती सगळी. पहिला नंबर आला म्हणून रडणारी मी एकटीच असेन.

धाकटी : तो पेपर दे इकडे.

मोठी : कशाला आता? चूक आहेत सगळी.

धाकटी : काटा बिघडलाय म्हणून गिऱ्हाईक सांगतं, तेव्हा मी गिऱ्हाइकाचं ऐकत नाही, काटा बघते. दे. अठरा गुणिले चौदा, दोनशे एकोणसाठ. हवं दोनशे बावन्न. हे काय, हजारातून तीनशे सेहेचाळीस वजा, सहाशे एकसष्ट. सहाशे चोपन्न हवं. शहाण्णव भागिले आठ, एकोणीस. एकोणीस?

मोठी : तेच म्हणतेय मी.

धाकटी : थांब जरा. बागेची परिमिती त्रेचाळीस. छत्तीस हवी. ताई, तीनदा तपासलास ना तू हा?

मोठी : तीनदा. विसांपैकी वीस चूक.

धाकटी : कितीनं चूक?

मोठी : कितीनं म्हणजे? चूक ती चूक. आम्ही फुली मारतो आणि पुढे जातो.

धाकटी : कितीनं, ते बघ. हे पहिलं.

मोठी : सातनं.

धाकटी : दुसरं.

मोठी : सात. हे पण सात. थांब, पान उलट. सात. अगं बाई, सगळीच सातने पुढे आहेत.

धाकटी : बिघडलेला काटा कधी जास्त दाखवतो, कधी कमी. दर वेळी बरोबर सातच ग्रॅम जास्त दाखवतो, तो बिघडलेला नसतो. कोणीतरी निवांत बसून तो तसा लावलेला असतो. बाबांनी मला पहिल्या फेरीत शिकवलं होतं हे, आणि मी मुंगीला शिकवलं. आधी खरं उत्तर काढायचं, मग त्यात सात मिळवायचे. वीस वेळा. एकदाही न चुकता.

मोठी : म्हणजे तिला विसांपैकी वीस येत होती. आणि मी बरं वाटून घेत होते. अगं, पण मुद्दाम शून्य कोण घेईल? कशासाठी?

धाकटी : ते तूच सांग. बारा दिवस तुझ्या घरात आहे.

मोठी : मला काय ठाऊक.

धाकटी : ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. तोंड बघ तुझं.

मोठी : घरी एकटी कशी ठेवायची म्हणून वर्गात नेत होते. तिसऱ्या बाकावर, खिडकीशी. मागच्या बाकावर एक मुलगी आहे, बोबडी बोलते. दुसऱ्या दिवशी दोघींनी डबा वाटून खाल्ला. तिसऱ्या दिवशी कडाक्याचं भांडण. चौथ्या दिवशी अबोला. पाचव्या दिवशी मिटलं. त्या दिवशी घरी येताना मुंगी मला म्हणाली, मावशी, माझं भांडण मिटलेलं मी पहिल्यांदाच बघितलं. एरवी त्याच्या आधीच आमची गाडी निघते.

धाकटी : असं म्हणाली?

मोठी : असंच.

धाकटी : मला फोनवर रोज विचारल्यावर म्हणायची, ठीक आहे शाळा. ठीक. मी तिला नद्या दाखवल्या, डोंगर दाखवले. लोहाराकडे बसवली, नकाशे काढणाऱ्याकडे बसवली, सगळ्यांनी भरभरून शिकवलं तिला. मी गाडी चालवताना ती शेजारी बसून बोलत असते, आणि मला वाटतं, माझ्यासारखी श्रीमंत कोणी नाही. आणि तिनं मनातलं सांगितलं कोणाला, तर तुला. बारा दिवसांत. तुझ्या त्या तिसऱ्या बाकानं अशी काय जादू केली?

मोठी : मी काही केलं नाही गं.

धाकटी : तेच तर. तू काही न करता ते झालं. आता माझ्या पोटात दुखतंय, ताई. घराण्याचं दुखणं आहे बहुतेक.

(मुंगी दोन वह्या छातीशी धरून दारात येते.)

मुंगी : आई, तू उद्या येणार होतीस ना? बिट्टी खाली दोरीच्या उड्या मारतेय. पेपर बघितलास?

धाकटी : बघितला. सातच का?

मुंगी : मावशीच्या घड्याळावरून सुचलं. आणि दहा घेतले असते तर लगेच कळलं असतं. तुला थोडा वेळ लागायला हवा होता.

धाकटी : आणि मावशीला?

मुंगी : मावशीला कळेल असं नव्हतं वाटलं. ती चूक-बरोबर बघते नुसतं. सॉरी मावशी.

मोठी : असू दे. खरं आहे ते.

धाकटी : सरळ सांगायचं ना मला. आपलं ठरलंय, काय शिकायचं, कुठे शिकायचं, ते तू ठरवायचं.

मुंगी : म्हणून तर नाही सांगितलं. तू लगेच म्हणाली असतीस, तुझी मर्जी. मग तुला खरंच चालणार आहे का ते मला कळलंच नसतं.

धाकटी : आणि आता कळलं?

मुंगी : थोडं. तुझा चहा तसाच आहे. आणि तू माझा पेपर चुरगळलास.

धाकटी : जा, बिट्टीला तिची वही दे आधी. आलेच मी.

मुंगी : रागावलीस?

धाकटी : नाही. म्हणजे, आहे थोडी. तुझ्यावर नाही. जा.

मोठी : हा शेरा मी फाडते. नवीन लिहिते, ‘समाधानकारक’, आणि सही करून तुझ्या हातात देते. घेऊन जा तिला. माझ्या पेनानं पोर आईपासून तुटायला नको. मनात खोट होती माझ्या हे लिहिताना.

धाकटी : फाड. पण नवीन लिहिशील ते पूर्ण लिही. गणित उत्तम. आणि खाली लिही, मुलगी स्वतःच्या इच्छेनं शाळेत बसणार आहे. वर्षभर. पुढचं पुढे बघू.

मोठी : अगं, विचार कर. राहशील तू तिच्याशिवाय?

धाकटी : नाही राहणार. शेजारची सीट रिकामी बघितली की तुझा राग येईल मला, रोज. तो तेवढा सोसावा लागेल तुला.

मोठी : सोसेन. सवय आहे मला, उलट्या बाजूनं.

धाकटी : आणि सुट्टीत बिट्टीला नेईन मी. सांग तिला, तिसरी सीट आहे. पेट्या हलवाव्या लागतील एवढंच.

मोठी : म्हणजे परत सगळे फेरीवर आणि मी घरी पेपर तपासत.

धाकटी : तुला कोणी बांधून ठेवलंय? सुट्टी तुलाही असते.

मोठी : बघू.

धाकटी : बघू काय, चाळिशी उलटली तुझी. बरं, शाळा किती वाजता भरते?

मोठी : साडेसातला.

धाकटी : म्हणजे साडेसहाला उठवावं लागेल. हे बघ, तिला हाक मारायची नाही, दचकते ती. पायाच्या अंगठ्याला नुसता हात लावायचा आणि तिथेच थोडं थांबायचं. घाई केली तर दिवसभर फुगलेली असते.

मोठी : माहीत आहे मला. पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय तिनं, आई उठवते तसंच उठवायचं.