मेलेलं माणूस उठतं कसं, कैतान?

माझं गाव दोडामार्गाकडचं, जमीन म्हणावी अशी नव्हतीच, म्हणून विशीत गोव्यात पाळी गावाला आलो आणि खाणीवरचा ट्रक धरला, तो म्हातारा होईपर्यंत सोडला नाय. तिथे गॅरेजमधे कैतान फिटर होता, म्हापशाकडचा किरिस्तांव. गोवा राज्य होण्याच्या आगेमागे सगळीकडे मराठी की कोकणी म्हणून वाद पेटलेले, पण आम्ही दोघं, तो त्याच्या कोकणीत नि मी माझ्या मालवणीत, भांडायचो ते वेगळ्याच गोष्टीवरून.

पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, सण झाला की हा घरून गोड पाव आणायचा, म्हणायचा, खा, आमचा जेजू मरणातून उठला. मी म्हणायचो, मेलेलं माणूस उठतं कसं रे, शिष्यांनीच मढं पळवलं असणार. तो चिडायचा नाय. म्हणायचा, आयक मरे, रिकामी कबर पहिल्यांदा बायांनी बघितली, आणि त्या काळात बायांची साक्ष कोण मानत होतं? खोटंच रचायचं तर कुणी बायांच्या तोंडी घातलं असतं? आणि ते शिष्य त्यापायी जिवानिशी मेले, म्हणायचा. मी म्हणायचो, खोट्यासाठी पण माणसं मरतात. तो म्हणायचा, मरतात, दुसऱ्याचं खोटं खरं मानून मरतात, पण आपणच रचलेल्या खोट्यासाठी कोण मरायला जातो? मग मी पाव खायचो आणि दुसरी शंका काढायचो. मजाच होती ती, काय सांगू तुम्हाला.

मग माझी बायको शेवंता गेली. कावीळ. आठ दिवसांत गेली. बारावं झालं आणि मी तडक गॅरेजात, कैतान ट्रकखाली होता, त्याला पाय धरून ओढून काढला. सांग, म्हटलं, शेवंता उठते काय? तुझ्या पाद्रीला विचारून सांग. त्याचे हात ग्रीसने काळे, तसाच बसला मातीत. म्हणाला, जेजू उठला हे त्याच्याच एका शिष्याला पटलं नव्हतं, त्याला जेजूने हाकलला नाय, माझ्या जखमेत बोट घाल म्हणाला. मी ओरडलो, माझ्या बोटांना राख लागली रे, नुसती राख! तेव्हा तो रडला. म्हणाला, शेवंतावैनीचं म्हाका खबर ना, मला ठाऊक नाय. मी मानतो, पण तुला दाखवायला माझ्याकडे काय नाय. तू माझ्याशी भांड, हांव खंयच वचना.

आणि खरंच कुठे गेला नाय. रोज दुपारी डबा घेऊन माझ्याजवळ यायचा, मी बोललो तर बोलायचा, नायतर गप जेवायचा.

आता तोही गेला, दोन वर्षं झाली. मला मात्र एका जागी बसवत नाय, घरात येरझाऱ्या घालतो, सून ओरडते. परवा बस धरून त्याच्या कबरीवर गेलो. हात जोडायचे की मेणबत्ती लावायची ते कळेना, उभाच राहिलो. मला अजून पटलेलं नाय, खोटं कशाला सांगू. पण म्हटलं, कैतान, एवढ्या एका भांडणात तूच जिंकलेला असू दे.